थकलेला विश्वास आणि केळीची पिलबाग

सप्रेम सलाम.

आपण लिहिले आहे की आपले वय ३८ आहे, राहणे रावेरच्या बाजूला आहे, वडील सुवार्तिक होते आणि आपण स्वतः १४ वर्षे मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुण संघ सांभाळला आहे. रविवारच्या उपासनेत गीते आजही आपणच चालवता. मात्र गेल्या दीड वर्षापासून प्रार्थना कोरडी झाली आहे, शास्त्र उघडले की ओळी डोळ्यांखालून जातात आणि आत काही उतरत नाही. नोकरी चालू आहे, घर चालू आहे, पण कशासाठी ते कळत नाही. मध्यंतरी तीन दिवसांच्या संजीवन सभांना, म्हणजे आत्मिक जागृतीच्या मेळाव्यांना, जाऊन आलात, तेथे रडलात, हलके वाटले आणि मंगळवारपर्यंत सारे पुन्हा होते तसे झाले. "कशातच राम वाटत नाही," असे लिहून ख्रिस्ती माणसाने हा वाक्प्रचार वापरल्याबद्दल आपण क्षमाही मागितली आहे. क्षमेची काही गरज नाही. भाषा आपलीच आहे, आणि एवढ्या मरगळीतही ज्याला ही गंमत जाणवते तो माणूस पुरता बुडालेला नाही, हे मला त्यावरून कळले.

आपला प्रश्न आहे: पुन्हा पहिल्यासारखे कसे व्हावे? तापीच्या दोन्ही काठांवरील लहान मंडळ्यांत मी २६ वर्षे पाळक म्हणून काम करीत आहे आणि हा प्रश्न मला याच शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. माझ्या मते अडचण "पहिल्यासारखे" या शब्दात आहे. चोविसाव्या वर्षीची जी उमेद आपल्याला आठवते ती परत आली की श्रद्धा परत आली, असे आपण धरून चालला आहात; म्हणून रोज सकाळी आपण आत डोकावून ती आली का हे पाहता आणि रोज निराश होता. त्या उमेदीची वाट पाहणे हेच आपल्या थकव्याचे निम्मे कारण असावे, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणतो, कारण मी आपल्याला पाहिलेले नाही आणि येथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट शरीराची. सेवेच्या सुरुवातीच्या काळात एक बाई माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आल्या होत्या: प्रार्थनेला बसले की डोळे मिटतात, मन लागत नाही, उठावेसेच वाटत नाही. मी त्यांना पहाटे चारला उठून प्रार्थना करण्यास आणि आठवड्यातून एक उपवास धरण्यास सांगितले. तीन महिन्यांनी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघाले. रक्त नसलेल्या बाईला मी उपवास सांगितला होता. त्या दिवसापासून असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी रक्त तपासून घेण्यास सांगतो. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो, त्यामुळे तिकडील माणसाला तीही तपासणी सांगतो. थायरॉईड आणि साखर यांचेही तसेच. झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार वारंवार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नव्हे. शासनाची टेलीमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. कोणी बंधू आपल्याला गोळ्या सोडून केवळ प्रार्थनेवर राहण्यास सांगत असेल, तर त्याचे नम्रपणे ऐकून घ्यावे आणि गोळी घ्यावी.

दुसरी शक्यता अशी की आत एखादी जुनी गोष्ट अडकून बसली आहे: भावाशी शेताच्या बांधावरून अबोला, फेडायचे राहिलेले कर्ज, कबूल न केलेली चूक. तसे असेल तर ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल आणि त्यावर लांब उत्तराची गरज नाही; ती गोष्ट आधी मिटवावी. पुढे जे लिहीत आहे ते शरीर ठीक आहे आणि असे काही अडकलेले नाही, हे धरून लिहीत आहे.

पवित्र शास्त्रात थकलेल्या सेवकाचे सर्वांत सविस्तर वर्णन राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर बआल या परदैवताच्या संदेष्ट्यांवर मोठा विजय मिळवला आणि लगेच ईजबेल राणीची एक धमकी आली, तेवढ्याने तो जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. माणूस थकला की सोबतीला असलेल्याला आधी मागे ठेवतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. पुढचा भाग आपल्याकडील उपदेशांत घाईने उरकला जातो. देवदूत आला तेव्हा त्याने काही समजावले नाही, विश्वास का डळमळला असे विचारले नाही, कर्मेलची आठवण करून दिली नाही. तापलेल्या निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले आणि पुन्हा जेवायलाच सांगितले. दोन जेवणे आणि दोन झोपा झाल्यावर ४० दिवसांची होरेब डोंगराची वाट सुरू झाली.

होरेबवर वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर नव्हता आणि नंतर मंद वाणी ऐकू आली, हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. मी स्वतः ते सतरा-अठरा वेळा उपदेशात सांगितले असेन आणि तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात बरीच उशिरा आली. त्या वाणीच्या आधी एलीयाला "तू येथे काय करीत आहेस?" असे विचारले जाते आणि तो आपले गाऱ्हाणे सांगतो: मी एकटाच उरलो आहे आणि ते माझाही जीव घ्यायला टपले आहेत. मंद वाणीनंतर तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि एलीयाचे उत्तर जवळजवळ शब्दशः तेच असते. म्हणजे देवाची वाणी ऐकूनही त्याचे वाटणे बदललेले नाही. देवही त्याचे वाटणे बदलण्यासाठी थांबत नाही. तो त्याला तीन कामे देतो, त्यांतील एक अलीशा नावाच्या माणसाचा अभिषेक करण्याचे, आणि एकटेपणाच्या तक्रारीला जाता जाता इतकेच उत्तर देतो की इस्राएलात सात हजार अजून उरले आहेत. एलीया डोंगर उतरतो तेव्हा त्याला कसे वाटत होते, हे शास्त्र सांगत नाही. तो निघाला आणि त्याला शेत नांगरणारा अलीशा सापडला, एवढेच सांगते.

आपल्या मराठी मंडळ्यांच्या मनात नव्या जीवनाचे चित्र मात्र बहुधा वारा, भूकंप आणि अग्नीचेच असते. याचे एक कारण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन झाले त्याच्या कथा आपल्या आजी-आजोबांनी सांगितल्या आणि अजूनही सभांतून सांगितल्या जातात. त्या खोट्या आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण त्यानंतरची रमाबाईंची वर्षे फार थोडे लोक सांगतात. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामाला त्या वर्षानुवर्षे बसल्या. कान अधू झालेले, आश्रमाचा व्याप डोक्यावर, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली छापून पुरे झाले. मुलीच्या मरणानंतरच्या त्या शेवटच्या महिन्यांत त्या सकाळी काय वाटून उठत असतील, याचा मी कधी कधी विचार करतो. मला त्या महिन्यांकडून १९०५ पेक्षा अधिक शिकायला मिळाले आहे.

आता आपल्या अवस्थेच्या नावाविषयी थोडेसे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात एकान्तवासी ख्रिस्ती साधू राहत असत आणि त्यांच्यापैकी इवाग्रियस नावाच्या साधूने, जो ३९९ साली वारला, या मरगळीचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याने तिला दुपारचे भूत म्हटले. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हा पुन्हा बाहेर पाहतो, कोणी भाऊ भेटायला येतो का याची वाट पाहतो, आपल्या खोलीचा आणि हातातल्या कामाचा त्याला वीट येतो, आणि देवाची सेवा दुसरीकडे कुठेतरी अधिक चांगली करता येईल असे वाटू लागते. भुसावळ-जळगावचा मे महिना पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आपल्या आयाही बजावत असत की भर दुपारी बाहेर पडू नको, लागीर होईल. इवाग्रियसचा सल्लाही काहीसा आयांसारखाच होता: अशा वेळी खोली सोडू नये. दुपारी घेतलेले निर्णय, म्हणजे मंडळी बदलणे, गाव बदलणे, राजीनामा देणे, हे संध्याकाळपर्यंत लांबवावेत. आपण दुसऱ्या मंडळीत जाण्याविषयी जे विचारले आहे त्याला माझे उत्तर हेच आहे. कदाचित जावेही लागेल, पण आता नको.

सेवेच्या अकराव्या वर्षी माझी स्वतःची अशी दुपार आली आणि ती सुमारे दोन वर्षे टिकली. त्या काळात यावल तालुक्यातील आमच्या मंडळीचे एक केळीवाले शेतकरी मला त्यांच्या बागेत घेऊन गेले. हेतू उपदेशाचा नव्हता. ठिबकची नळी फुटली होती आणि त्यांना धरायला माणूस हवा होता. बाग निसवली होती, घड लोंबत होते. काका कोयत्याने एकेका झाडाच्या बुडाची पिले, म्हणजे नवे कोंब, कापत चालले होते. आपण रावेरचे असल्याने हे आपल्या रोजच्या पाहण्यातले असेल, पण मी मूळचा धुळ्याकडील कोरडवाहू गावचा, म्हणून विचारले की चांगली हिरवीगार पिले का कापता. ते म्हणाले, केळ एकदाच विते, साहेब. घड उतरला की हे खोड संपले, त्याला कितीही खत घाला, त्यावर दुसरा घड येत नाही. पुढचा माल पिलबागेतून येतो, त्याच कंदातून. पण पिले सगळी ठेवली तर सगळीच भुकेली राहतात, म्हणून एक ठेवायचे.

मग त्यांनी बसून मला दोन पिले दाखवली. एकाची पाने रुंद होती आणि ते दिसायला मोठे होते. दुसरे त्याच्या निम्म्याने, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे. मी अर्थातच मोठ्याकडे बोट केले. काकांनी तेच छाटून टाकले. रुंद पानांचे पील वरवर लवकर फोफावते, पण कंदाशी त्याचा धागा कच्चा असतो. तलवारीचे पील आधी कंदाकडून पोसले जाते आणि पाने मागाहून रुंदावते. घड उतरल्यावरही ते जुने खोड लगेच बुडापासून तोडत नाहीत, टप्प्याटप्प्याने कापतात, कारण त्यातला रस उतरून पिलाला मिळत राहतो.

त्या दिवसानंतर मी "पहिल्यासारखे" होण्याची प्रार्थना सोडून दिली. माझ्या पंचविशीतल्या उमेदीचा घड उतरला होता. तो खरा होता, लोकांनी खाल्ला, काम झाले. आपली १४ वर्षेही तशीच आहेत आणि ती वाया गेलेली नाहीत. कंद ख्रिस्त आहे आणि तो जागचा हललेला नाही, असे मी मानतो; मात्र नवे जे येईल ते खाली, बुडाशी, लहान आणि अरुंद पानांचे येईल आणि प्रथम तर ते नजरेतही भरणार नाही. संजीवन सभांत आपल्याला जे मिळाले ते खोटे होते असे मी म्हणणार नाही, पण ते रुंद पानांचे होते का, हे आपणच पाहावे.

एक पील ठेवायचे म्हणजे व्यवहारात काय, ते सांगतो. मी सगळ्या वैयक्तिक भक्तीचा पसारा आवरला आणि रोज एक स्तोत्र, तेही मोठ्याने वाचायचे, एवढेच ठेवले. मनात उतरले नाही तरी कानावर पडू दिले. त्या ओघात ८८ वे स्तोत्र समोर आले. दुःखाची इतर बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधार या शब्दाशी येऊन संपते. मंडळीने असली प्रार्थना पवित्र ग्रंथात शतकानुशतके जपून ठेवली आहे, म्हणजे ती करण्याची मुभा आहे, हे मला त्या दिवशी उमगले. आपण गीते चालवता, म्हणून सांगतो: आपल्या उपासनेत रडगाण्याला जागा नसल्यामुळे पुष्कळ माणसे हसऱ्या चेहऱ्याने थकतात.

दुसरे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने उपासनेत घेतली जाणारी भाकर आणि प्याला, सोडू नये. आपण लिहिले आहे की गेल्या सहा महिन्यांत आपण भाकर आणि प्याला पुढच्याकडे सरकवत आहात, कारण अशा कोरड्या मनाने घेणे अयोग्य होईल. ही भीती आपल्या भागातील मंडळ्यांत फार खोल बसलेली आहे आणि तिने नेमकी भुकेली माणसे पंगतीतून उठवली आहेत. ज्या वचनावरून ती येते तो करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय मागून-पुढून वाचावा. तेथे प्रेषित पौल ज्यांना झापतो ते लोक कोरडेपणामुळे दुःखी झालेले नव्हते. ते आपापले जेवण आधी उरकून घेत, कोणी पिऊन तर्र होत असे आणि गरीब बंधू भुकेला राहत असे. अयोग्य रीतीने घेणे हे त्या वागण्याविषयी आहे. स्वतःची परीक्षा करून भाकर खावी, असे तो सांगतो. परीक्षा करून उपाशी परत जावे, असे सांगत नाही. लूकच्या २४ व्या अध्यायातील दोन शिष्य आठवावेत. ते यरुशलेम सोडून अम्माऊसकडे चालले होते आणि त्यांच्या तोंडी आशा भूतकाळात होती: आम्हाला आशा होती. रस्ताभर खुद्द येशूने शास्त्र उलगडून सांगितले, तरी त्यांना तो ओळखू आला नाही. ओळख पटली ती त्याने भाकर मोडली तेव्हा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड गेली. आमच्या मंडळीत एक वृद्ध विधवा होत्या, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या, अहिराणीशिवाय दुसरे काही न बोलणाऱ्या. दर बुधवारी मी त्यांच्या घरी प्रार्थनेला जात असे. एका बुधवारी खाटेजवळ बसलो, डोळे मिटले आणि तोंडातून शब्दच निघेना. बाहेर कोणीतरी जात्यासारखा घरघरणारा पंप सुरू केला, तो बंदही झाला, तरी मी गप्पच. आजींनी हात चाचपडत माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बठा, मी म्हनस." आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत, रोजची भाकर मागताना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर असेच म्हटले. नंतर खरोखरच कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. पुढचे कित्येक बुधवार त्या म्हणत राहिल्या आणि मी फक्त आमेन म्हणत राहिलो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे छप्पर उकलून पक्षाघात झालेल्याला खाली सोडतात, तेथे येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाची चौकशी झालेली नाही.

हे सारे केल्यावर नेमके कधी बरे वाटेल, हे मी सांगू शकत नाही. माझ्या बाबतीत असा एखादा दिवस आला नाही. एका पावसाळ्यात ध्यानात आले की स्तोत्र वाचताना मी मध्येच थांबून एक ओळ पुन्हा वाचली होती, केवळ आवडली म्हणून. यशयाच्या ४० व्या अध्यायाच्या शेवटी गरुडासारखे उडणे, मग धावणे आणि सर्वांत शेवटी न थकता चालणे असा क्रम आहे. तरुणपणी मला तो उतरता वाटत असे. आता तसा वाटत नाही.

म्हणून आपल्यापुरते सांगायचे तर तरुण संघाची जबाबदारी वर्षभरासाठी त्या २४ वर्षांच्या मुलाकडे द्यावी, ज्याच्याविषयी "अजून कच्चा आहे" असे आपण लिहिले आहे. आपणही तेव्हा कच्चेच होता. जुन्या खोडातला रस त्याला मिळू द्यावा, म्हणजे महिन्यातून एकदा त्याच्यासोबत चहा प्यावा आणि तो विचारील तेवढेच सांगावे. येत्या रविवारी गीते दुसऱ्या कोणाला चालवू द्यावीत, आपण पत्नी आणि मुलांसह मागच्या बाकावर बसावे, आणि भाकर आपल्यापर्यंत आली की घ्यावी. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे. अहवाल आला की मला कळवावे. त्यानंतर दुसऱ्या मंडळीच्या प्रश्नावर सवडीने बोलू.